कानबाईचा चौरंग आणि तेलाचा आवाज

नवऱ्याने वेल्डिंगच्या तारेला गाठ मारली, तेव्हाच मी ओळखलं की हा चौरंग माझ्या डोक्यावर फुटणार.

आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. आमचे हे, बन्सीलाल, लिंबायतला एका पॉवरलूमच्या खात्यात जॉबर होते. खातं म्हणजे कारखाना आणि जॉबर म्हणजे लूम बिघडला की सगळे ज्याच्या नावाने हाका मारतात तो. मालकाने जुने लूम भंगारात काढले, पाण्यावर चालणारे नवे आणले, आणि त्यांच्याबरोबर नवी पोरंही आणली. हे घरी बसले. बसावं तरी किती माणसाने! पंखा उघडून बसले, माझी शिलाई मशीन उघडून बसले. शेवटी मीच म्हटलं, काहीतरी धंदा बघा, नाहीतर एक दिवस मला उघडून बसाल.

तर ह्यांनी छोटं वेल्डिंग मशीन आणलं. रॉडवालं नाही, तारवालं. पोटात तारेचं रीळ, बाहेर एक नळी आणि नळीच्या टोकाला बंदूक. घोडा दाबला की तार आपोआप बाहेर येते, लोखंडाला टेकते आणि वितळून चिकटते. खिडक्यांच्या जाळ्या बनवीन, गेट बनवीन, असं सगळ्या गल्लीला सांगून झालं. मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मग हे त्याच्यासमोर हात बांधून उभे राहिले, कारण चालवायचं कसं ते कोणालाच माहीत नव्हतं.

आणि पहिलं काम कोणतं, तर कानबाईचा चौरंग.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशातली आमची माणसं जिथे पोटासाठी गेली तिथे तिला घेऊनच गेली. नारळाची कानबाई, तिला डोळे, नथ, मंगळसूत्र. रविवारी चौरंगावर बसवायची, भाऊबंदांनी मिळून रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्या, खायचे, आणि सोमवारी चौरंगासकट डोक्यावर घेऊन वाजतगाजत निरोप द्यायचा. मागच्या वर्षी ती माझ्या जावेकडे, रंजनाकडे होती. भर गल्लीत रंजनाच्या डोक्यावर चौरंगाचा पाय निखळला आणि कानबाई कलली. कोणीतरी वरच्यावर झेलली म्हणून बरं, नाहीतर रंजनाला वर्षभर कोणी तोंड दाखवू दिलं नसतं. तेव्हा आमच्या ह्यांनी, कोणी विचारलेलं नसताना, छाती काढून सांगितलं की पुढच्या वर्षी कानबाई आमच्याकडे आणि चौरंग मी बनवणार. पाय लोखंडी, वर सागाची फळी. जन्मात हलणार नाही!

तेव्हा घरात साधी पकडसुद्धा नव्हती. पण सगळे भाऊबंद ऐकत होते आणि रंजना तर दोन्ही कानांनी ऐकत होती.

आता तुम्हीच विचार करा. चौरंग टिकला तर सगळी गल्ली बघणार, चार लोक जाळ्या सांगायला येणार, घर चालणार. तुटला तर ह्यांच्या हातात कोणी खिळा ठोकायलाही देणार नाही. आणि तो टिकतो की तुटतो हे कळणार कुठे, तर माझ्या डोक्यावर. माझा जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू.

मशीनला दोन गोल बटणं. आमची हर्षदा टेक्सटाइल मार्केटात एका साडीवाल्याकडे नोकरी करते, तिला इंग्रजी येतं. तिने झाकणाच्या आतला तक्ता वाचून सांगितलं, "पप्पा, हे पहिलं बटण व्होल्टेजचं. दुसरं तारेच्या वेगाचं, ते वाढवलं की अँपियर आपोआप वाढतात. पाइप पातळ असेल तर दोन्ही कमी ठेवायचे."

"हा हा," हे म्हणाले.

तक्त्यातला आकडा लावला. घोडा दाबला. आणि पायांसाठी आणलेल्या पाइपला एवढं मोठं भोक! दुसऱ्या जागी लावलं, दुसरं भोक. थोड्या वेळाने त्या पाइपातून पीठ चाळता आलं असतं. मग हर्षदाच्या लक्षात आलं की तक्ता कुठल्यातरी शहाण्या गावच्या लाईटचा आहे. आमच्या गल्लीत मागच्या खात्यातले लूम चालू असले की लाईट मरगळलेली, आणि त्यांची जेवणाची सुट्टी झाली की एकदम अंगात आल्यासारखी. हे नेमके सुट्टीत बसले होते.

मग ह्यांनी व्होल्टेज पार खाली नेलं आणि तारेचा वेग वाढवला. आता तार वितळेचना. ठॉक ठॉक करत लोखंडाला धक्के मारायची आणि बंदुकीसकट ह्यांचा हात मागे ढकलायची. पाइपावर तारेचे तुकडे उभे राहिले, उन्हात शेवया वाळत घातल्यासारखे. ह्यांना वाटलं, ताण कमी पडतोय. जन्मभर सूत हाताळलेलं, दुसरं काय सुचणार! तार ओढणाऱ्या चाकाचा स्क्रू आवळला, तर आतल्या आत तारेचा हा गुंता झाला. तो गुंता ह्यांनी मांडी घालून, न चिडता सोडवला, मधली वाकडी झालेली तार कापून टाकली आणि दोन टोकं जोडली. कशी? विणकराची गाठ मारून! लूमवर धागा तुटला की मारतात ना, चुटकीसरशी, तशी. लोखंडाच्या तारेला!

मी म्हटलं, "व माय, तारले गाठ कोन मारस?" घरात आम्ही अहिराणीच बोलतो, आणि राग आला की जास्तच.

"पक्की शे," हे म्हणाले. गाठ पक्कीच होती. ती बंदुकीच्या तोंडात जाऊन अशी अडकली की बंदुकीचं तोंडच बदलावं लागलं.

त्या दिवशी रंजना मुद्दाम वाटीभर साखर मागायला आली. पाइपाकडे बघितलं, शेवयांकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, बाजारातून लाकडाचा एक आणून ठेवू का? असू दे आपला घरात." मी साखर दिली, पण वाटी तिच्या हातात जरा जोरातच ठेवली.

हर्षदाने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. एक पंजाबी उस्ताद सांगत होता की आकडे विसरा, आवाज ऐका. तेलात पकोडे तळल्यासारखा एकसारखा आवाज आला की समजा सेटिंग बरोबर. हे मोबाईलमध्ये डोकं घालून बघत होते. "समजनं, समजनं," म्हणाले आणि तोंडावर काळा मुखवटा ओढून अंगणात बसले.

मी ओट्यावर कढई चढवलेली. संध्याकाळी माझी भज्यांची गाडी ओट्यावरच असते, लिंबायतला माझी कांदाभजी विचारा, कोणीही सांगेल. तिकडे ठॉक ठॉक, फट, ठॉक असा भयंकर आवाज सुरू झाला. आणि हे मुखवट्याच्या आतून आनंदाने ओरडतायत, "आवाज बरोबर शे! आवाज बरोबर शे!"

माझ्या डोक्याची शीर तडकली. अहो, कुठलं बरोबर? थंड तेलात भजी सोडल्यावर असाच आवाज येतो, तळाला बसतात आणि चिकटतात! मी ओट्यावरून ओरडले, "तेल थंड शे!" काही नाही. अजून जोरात ओरडले. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडकीतून डोकावून बघितलं, पण चार पावलांवर बसलेल्या नवऱ्याने मान हलवली नाही.

मी झारा घेऊन गेले. ठिणगीकडे पाठ करून ह्यांच्या मागे उभी राहिले आणि खांद्यावर टिचकी मारून म्हटलं, "तेल थंड शे."

"हा हा," मुखवट्यातून आवाज आला.

माझ्या मनात काय आलं कोण जाणे. परत टिचकी मारली. "मी घर सोडीसन चालनी."

"हा हा, व्हयनंच."

टिचकी. "रंजनाले कढईत तळू का?"

"हा हा. करी टाक."

हर्षदाने तोंडावर हात ठेवला. मी समोर गेले आणि खूण करून मुखवटा वर करायला लावला. मग आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "भजी खातस का?"

"आन ना," हे म्हणाले. "मिरचीनी नको."

मी खालीच बसले. हर्षदा म्हणाली, "मम्मी, पप्पांना ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात."

अगं माय! लूमच्या खात्यात शेकडो लूम एकदम धडधडतात, तिथे कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. सगळे हातांनी आणि ओठांनीच बोलतात, हे मला माहीत होतं. डबा द्यायला गेले की बघायची ना मी. पण तेच हे घरीही करतायत आणि कान खात्यातच राहिलेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्या आधी मला भयंकर राग आला, आणि तो का ते ऐका. माझी एक सवय आहे. मी टोमणे समोरून मारत नाही. नवऱ्याला तोंडावर बोलायचं म्हणजे कसंतरीच वाटतं, म्हणून भांडी घासताना, पीठ मळताना, पाठ करून बोलते. मिक्सर जळाला, चटणी पाट्यावर वाटून मनगट गेलं, त्यावर बोलले. बारडोलीच्या बहिणीकडे किती वर्षांत नेलं नाही, तिचा नवरा साखर कारखान्यात, ती बिचारी ये ये करते, त्यावर बोलले. ह्यांच्या आत्याचं बोलले, ह्यांच्या बनियनचं बोलले. असे एकेक घोटून घोटून तयार केलेले टोमणे! आणि हे आपले "हा हा" करायचे. मी म्हणायची, काय शांत स्वभावाचा माणूस मिळाला. कसला शांत! सगळे टोमणे भिंतीला मारले मी!

"सांगनं का नही?" मी समोरून विचारलं, ओठ नीट हलवून.

ह्यांनी बंदूक खाली ठेवली. जॉबरचे कान गेले असं म्हटलं तर काम कोण देईल, म्हणाले. लूमवर हात ठेवला की बिघाड कळायचा, त्यावर निभावलं. मग म्हणाले की लूम बंद झाले तरी कानात अजून तेच वाजतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण कढईत भजी जळत होती, म्हणून मी आधी गॅस बंद करून आले.

आल्यावर मी मशीनसमोर बसले आणि म्हटलं, मला समजावून सांगा कोणतं बटण कशाचं. हर्षदाने परत सांगितलं. आणि खरं सांगते, मला ते पहिल्याच फटक्यात कळलं, कारण त्यात नवीन काही नव्हतंच. व्होल्टेज म्हणजे तेलाचा ताव. तारेचा वेग, म्हणजे अँपियर, म्हणजे मी पीठ किती भराभर सोडते ते. तेल फार तापलेलं आणि पीठ थोडंथोडं सोडलं तर भजं करपतं, पसरतं, भोक पडतं. तेल थंड आणि घाणा मोठा टाकला तर सगळं तळाशी जाऊन बसतं. दोन्ही जुळलं की कढई एका सुरात चर्र बोलत राहते. आणि तो सूर ओळखायला मला तक्ता कशाला हवा? मी झोपेतही सांगेन.

मग आमचं काम असं सुरू झालं. हे मुखवटा ओढून चौरंगाचा पाय धरून बसायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून, डोक्यावर पदर ओढून, एक हात मागे मशीनच्या बटणावर. दुसऱ्या हातात लाटणं. लाटणं ह्यांच्या पाठीला एकदा टेकवलं की घोडा दाबा, दोनदा टेकवलं की थांबा. ह्यांच्या हाताला कंप तर नावालाही नाही, धागा ओवून ओवून तयार झालेला हात तो. फक्त आवाज कळत नव्हता.

पहिल्यांदा फट फट झालं. ताव जास्त. व्होल्टेज जरा उतरवलं. मग तार ढकलायला लागली, तर वेग कमी केला. मध्येच मागच्या खात्यातले लूम सुरू झाले, लाईट उतरली आणि आवाज लगेच मेला. मी ताव परत चढवला. आणि मग आला बाई तो आवाज. चर्रर्र, एकसारखा, कांद्याची भजी खरपूस होत आल्यासारखा. मी आनंदाने लाटण्याने दोन ऐवजी चार-पाच फटके मारले. हे दचकून थांबले.

मुखवटा वर करून ह्यांनी तारेतला मसाला जळून वर बसलेला काळा थर ठोकून काढला. खाली जोड असा सरळ आणि भरलेला, की हर्षदाने फोटोच काढला. जोड गार झाल्यावर हे त्यावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "कसा आवाज येस व?"

मी म्हटलं, "तुमले आवडतस ती भजी तळाना."

चारही पाय त्याच सुरावर जोडले. रंग दिला, सागाची फळी बसवली. आधी हर्षदा चौरंगावर उभी राहिली, मग मी. मी काही हलकी बाई नाही. चौरंगाने हूं की चूं केलं नाही.

रविवारी कानबाई बसली, रोट झाले, सगळे जेवून तृप्त. रंजनाने चौरंगाचे चारही पाय हलवून बघितले, कोणाचं लक्ष नाही असं समजून. सोमवारी सकाळी मी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि बायांनी चौरंग माझ्या डोक्यावर चढवला. गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत डोक्यावर, तिथून टेम्पोत तापीवर, असं ठरलेलं. गल्लीत डीजे लावलेला. आता तो डीजे म्हणजे काय सांगू, छातीत धडधडत होतं. बाया फुगड्या घालतायत, सगळे एकमेकांच्या कानात "काय? काय?" ओरडतायत आणि कोणालाच काही कळत नाही.

एक माणूस सोडून. आमचे हे पुढे चालत होते, मान वळवून वळवून सगळ्यांचे ओठ वाचत. इतक्या गोंगाटात हे एकटेच मजेत होते. एकदा माझ्याकडे बघून हातांनी खुणा केल्या, खात्यात करायचे तशा. आधी रंजनाकडे बोट, मग चौरंगाकडे, मग दोन्ही हातांनी काडी मोडल्यासारखं केलं. म्हणजे रंजना शेजारणीला म्हणत होती, तापीपर्यंत काही पोचत नाही हा चौरंग. मला डोक्यावर कानबाई असताना शिवी देता येत नव्हती, म्हणून मी नुसतं हसले.

आणि नेमका तेव्हाच पायाखालचा गटाराचा पत्रा कलला.

माझा एक पाय आत गेला आणि मी गुडघ्यावर आपटले. चौरंग पुढे झुकला आणि त्याचा पाय विजेच्या लोखंडी खांबावर धाडकन आदळला. बाया किंचाळल्या असणार, कारण सगळ्यांची तोंडं उघडी होती. रंजना दोन्ही हात पसरून धावली, माझ्यासाठी नाही, कानबाईसाठी. कोणीतरी डीजे बंद केला आणि गल्ली एकदम चिडीचूप झाली. वर काय झालंय ते मला दिसत नव्हतं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक, नजर माझ्या डोक्यावर, त्या पायाच्या जोडावर. मग ह्यांनी हात वर केला आणि मूठ घट्ट आवळून दाखवली. पक्का आहे. रंजनाने एका हाताने कानबाई धरून ठेवत दुसऱ्याने जोडावरून बोट फिरवलं. नुसता रंग उडाला होता. तिने स्वतः माझा हात धरून मला उठवलं आणि जे बोलली ते सगळ्या गल्लीने ऐकलं, "ताई, आमच्या मागच्या खिडकीची जाळी भाऊजींनाच सांगते मी." तिच्या मागे अजून दोघी-तिघींनी सांगितलं. ह्यांना ते ऐकू आलं नाही, पण सगळं दिसलं.

तापीवर कानबाईला निरोप दिला. परत येताना टेम्पोत आम्ही दोघं मागे बसलो, मध्ये रिकामा चौरंग. माझा गुडघा सुजला होता. हे त्या जोडावरून अंगठा फिरवत होते. एकदम म्हणाले, "जाळीसनं काम व्हयनं का बारडोलीले जाऊत. तुन्या बहीनकडे."

मी चाटच पडले. बारडोलीचं तर मी कधीच तोंडावर बोलले नव्हते. भांडी घासताना, पाठ करूनच बोलले होते.

"तुमले कसं समजनं?"

"बहीनना फोन ठेवा का तू दोन दिन भांडा आपटस," हे म्हणाले. "आवाज येत नही. पन पाठ दिसस ना तुनी."

म्हणजे सगळं कळत होतं ह्या माणसाला! माझा एकही टोमणा वाया गेला नव्हता. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि टेम्पो खड्ड्यांतून उडत होता. मी डोळे पुसले, ह्यांच्या अगदी समोर तोंड नेलं आणि एकेक शब्द नीट ओठांवर आणून विचारलं, "मग मिक्सर?"

ह्यांनी माझ्या ओठांकडे नीट बघितलं. सगळं वाचलं. आणि रस्त्याकडे मान फिरवून म्हणाले, "हा हा."